पद्मिनीत जिप्सीचं १.३ इंजिन बसवायचंय : सुरुवात कुठून करू?

निळी_पद्मिनी
नमस्कार मंडळी. माझं वय २२. गाडी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, गिअर स्टिअरिंगवर, नोंदणी पुण्याची, आरसीचं नूतनीकरण झालेलं. बॉडी ठणठणीत आहे, पण इंजिन ऑइल पितं आणि चार माणसं बसली की कात्रजच्या चढावर तिसरा गिअर टिकत नाही. जिप्सी एमपीएफआयचं (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) १२९८ सीसीचं, ८० बीएचपीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवायचं डोक्यात आहे. हे वर्षानुवर्षांचं स्वप्न आहे, घाई नाही, पण काम पक्कं हवं. प्रश्न तीन : इंजिन जागेत बसेल का? मागचा ॲक्सल तोच चालेल का? आरटीओत काय करावं लागेल?

लेथमास्टर
इंजिनाची निवड विचार करून केलेली आहे. पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिन उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने), गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि तिथून शाफ्ट. झेन, एस्टीम, ८०० यांची इंजिनं आडवी बसतात, त्यांचा गिअरबॉक्स इथे निरुपयोगी. जिप्सीचं इंजिन मात्र उभंच आहे, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो वेगळा टांगलेला असतो, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. तो केस काढून टाकायचा आणि गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवरून थेट पद्मिनीच्या ॲक्सलकडे नवा शाफ्ट न्यायचा. इथपर्यंत सरळ आहे.

आता ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते. जिप्सीचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. केस गेला की स्पीडोमीटरही गेला, आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) मिळणारा गाडीच्या वेगाचा सिग्नलही गेला. शाफ्टच्या फ्लँजवर चुंबक आणि समोर सेन्सर लावून दोन्ही परत मिळवता येतं, पण त्याची जागा आधी ठरवा. शाफ्ट बनवून, बॅलन्स करून आल्यावर त्यावर काही चिकटवायचं नसतं.

दुसरं, गिअर लिव्हर जमिनीतून वर येणार. तुमची पुढची सीट सलग बाकासारखी असेल तर ती जाणार. मधला बोगदाही (गिअरबॉक्सवरचा जमिनीचा उंचवटा) कापून रुंद करावा लागेल, कारण पाच गिअरचा बॉक्स पद्मिनीच्या मूळ फियाट बॉक्सपेक्षा जाडजूड आहे.

कलम_५२
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिलं वाचा, मगच पाना उचला.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ अगदी स्पष्ट केला आहे. त्याच प्रकारचं, त्याच क्षमतेचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवता येतो. पद्मिनीच्या मूळ १०८९ सीसीच्या जागी १२९८ सीसी आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन हा त्यात बसणारा बदल नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम ५२ मध्ये इंधन बदलासाठी वेगळी वाट आहे : मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट.

दंडापेक्षा विमा महत्त्वाचा. अपघातात समोरचा माणूस जखमी झाला आणि तपासणीत इंजिन क्रमांक जुळला नाही, तर विमा कंपनी पैसे तुमच्याकडून वसूल करायला जाईल. ती रक्कम आयुष्यभर फिटत नाही.

आणखी एक. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. तुमची गाडी २०३७ मध्ये पात्र होईल. बोगदा कापलात की ती वाट तिथेच बंद.

आरटीओत तोंडी 'चालेल' म्हटलेलं काही कामाचं नाही. आधी लेखी अर्ज करा, लेखी उत्तर घ्या. परवानगी नसेल तर ही गाडी फक्त खासगी जागेत, कुंपणाच्या आत चालवायची.

दहा_नंबरी
कलम_५२ यांच्याशी सहमत. म्हणून मधला रस्ता सांगतो : आधी मूळ इंजिन तपासा. 'ऑइल पितं' एवढ्यावर इंजिन फेकू नका.

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा, बॅटरी भरलेली हवी, आणि कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडर सारखेच फेरे फिरवा. चार आकडे लिहा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर गेला तर रिंग किंवा बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, नाहीतर हेड गॅस्केट. निळा धूरही बघा. उतारावर पाय सोडून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड, चढावर सतत आला तर रिंग. गाइडचं काम असेल तर फक्त हेड उतरवून भागतं.

पूर्ण बांधायचं तर बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. बोरिंग करण्याआधी पिस्टन हातात घ्या, मग त्या पिस्टनला मोजून बोअर करून घ्या, उलटं नको. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग आहेत, त्यामुळे हे इंजिन वरच्या आरपीएमवर पिळायचं नाही. ग्राइंडिंग दहा थाऊत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भागत असेल तर तीसपर्यंत जाऊ देऊ नका. व्यवस्थित बांधलेलं, टायमिंग आणि कार्बोरेटर जुळवलेलं १०८९ कात्रज तिसऱ्यावर चढतं, चौघांसकट. या गाड्यांनी मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सी ओढली आहे, शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली.

तरीही बदलायचंच असेल तर प्रीमियर ११८ एनईचं निसान ए१२ बघा. ११७१ सीसी, ५२ बीएचपी, पाच मेन बेअरिंग, कार्बोरेटरवर चालतं. ना ईसीयू, ना हाय प्रेशर पंप, वायरिंग जवळजवळ आहे तेच. आकडे बघा : पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आत-बाहेर. टनामागे आत्ता साधारण ४५ बीएचपी, ए१२ वर ५८, जिप्सीवर ८९. बाकीची गाडी न बदलता ५८ पचतात. ८९ पचत नाहीत.

निळी_पद्मिनी
सगळ्यांचे आभार. कॉम्प्रेशन या रविवारी मोजतो. एक विचारतो, ईको किंवा व्हर्साचं इंजिन कसं राहील? तीही मागच्या चाकांवर चालतात आणि ईको सहज मिळते.

लेथमास्टर
मिळते, पण ती इंजिनं सीटखाली मावावीत म्हणून कलती बसवलेली असतात. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), ऑइलची जाळी, डिपस्टिक, सगळं त्या कोनाला धरून. पद्मिनीच्या बॉनेटखाली सरळ उभं केलंत तर डिपस्टिक खोटं सांगेल आणि वळणावर जाळी उघडी पडेल. त्याच कोनात बसवायला गेलात तर एक बाजू स्टिअरिंग बॉक्सवर येते. जिप्सीच बरी.

जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, त्यामुळे इंजिन घेताना घाई होते. ती करू नका. सुटं इंजिन घेण्यापेक्षा लिलावातली अख्खी गाडी घ्या, लष्करातून निघालेल्या जिप्सींचे लिलाव होतात. अख्ख्या गाडीबरोबर वायरिंग, ईसीयू, पेडल, क्लच केबल, मॅनिफोल्डचे ब्रॅकेट, सगळं मिळतं. भंगारातून सुटं घेतलंत तर या शंभर बारीक वस्तू शोधण्यातच वर्ष जातं. आणि इंजिन क्रमांकाची पक्की पावती हवीच.

उतार_सावकाश
आत्तापर्यंत ब्रेकचा शब्द कुणी काढला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझं ठाम मत : इंजिन हे या कामातलं शेवटचं काम आहे.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ८० च्या वेगात गाडीत जी ऊर्जा असते तिच्या १.८९ पट ११० ला असते, आणि ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन जिरवायची. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनिंगपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं. खंबाटकी उतरताना दोन-तीनदा जोरात ब्रेक मारले की हे पायाला कळतं. डिस्क तापली की पॅडच्या दिशेने जाड होते, म्हणून पेडल टिकतं.

पुढे डिस्क करायची तर नुसता कॅलिपर वेल्ड करून लटकवू नका. कॅलिपरचा ब्रॅकेट दहा-बारा मिमी प्लेटमधून मशिन केलेला हवा आणि तो स्टब ॲक्सलच्या मूळ भोकांवर बोल्टने बसला पाहिजे. डिस्क बसल्यावर डायल गेज लावून डगमग मोजा, ०.१ मिमीच्या आत हवी. ड्रमच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, साधारण ०.७ बार. ड्रमला तो हवा असतो. तोच मास्टर डिस्कला जोडला तर पॅड कायम घासत राहतात, चाक तापतं, आणि माणूस बेअरिंगला दोष देत बसतो. म्हणून दोन सर्किटचा मास्टर घ्या, पुढचं आणि मागचं वेगळं. सर्वो (व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) जोडलात तर व्हॅक्यूमच्या नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह विसरू नका.

त्याआधी किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खटखट आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खटखट थांबली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन आणि बुश. नवीन बुश रिमर लावूनच बसवायचे, हातोडीने ठोकून ग्रीस भरला म्हणजे झालं नाही. स्टिअरिंग बॉक्सची ढील, ट्रॅक रॉडचे एंड, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, सगळं आत्ताच्या चाळीस बीएचपीवरच नीट करून घ्या. या दुरुस्तीला कुणाची परवानगी लागत नाही आणि इंजिन कोणतंही ठेवलंत तरी ते वाया जात नाही.

मागच्या ॲक्सलबद्दल : क्राऊन-पिनियन आणि हाफ शाफ्ट चाळीस बीएचपीच्या हिशेबाचे आहेत. रोजच्या चालवण्यात टिकतील, पण पहिल्या गिअरवर क्लच झटक्यात सोडलात की हाफ शाफ्ट पिळला जाईल.

लेथमास्टर
गिअरिंगचा हिशेब देतो. मागचं एक चाक टेकवून दुसरं फिरवण्यापेक्षा कव्हर काढून दात मोजा. क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे १० आले तर ४.३. टायरचा घेरा १.८५ मीटर धरला तर ३००० आरपीएमला चौथ्यात ७७ चा वेग येतो. जिप्सीचा पाचवा ०.७९५ चा, त्यात ९७. म्हणजे ॲक्सलचे दात बदलायची गरज नाही.

आता बसवणी. रिकामा ब्लॉक, हेड, चेंबर आणि गिअरबॉक्स जोडून आधी नुसती जागा बघायची, आतलं क्रँक-पिस्टन नको, वजन निम्म्यावर येतं. गाडी चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकत्या ॲक्सलने घेतलेली मापं सगळी चुकतात. पहिलं बघा चेंबर : त्याचा खोल भाग पुढच्या क्रॉस मेंबरवर येतो का. येत असेल तर क्रॉस मेंबर कापायचा नाही, त्याच्यावर पुढची चाकं टांगलेली आहेत. चेंबर कापून नव्याने बनवायचा. ऑइल मावायची क्षमता मूळ एवढीच ठेवा, आत आडवी पट्टी द्या म्हणजे वळणावर ऑइल एका कडेला जाणार नाही, आणि जाळी तळापासून ६ ते १० मिमी वर. जाळी तळाला टेकली तर ऑइल ओढलं जात नाही, फार वर राहिली तर हवा ओढते. मातीचा किंवा मेणाचा गोळा तळाला ठेवून चेंबर बसवून काढा, जाडी लगेच कळते.

बॉनेट बंद करून वरचं अंतर, रॅडिएटर, फायरवॉल, स्टिअरिंग बॉक्स, सगळीकडे किमान २५ मिमी मोकळं हवं. रबर फाउंडेशनवर इंजिन डोलतं हे विसरू नका. एक्झॉस्टच्या बाजूला ब्रेकची नळी किंवा वायर जात असेल तर मध्ये पत्र्याची ढाल.

फाउंडेशनचे ब्रॅकेट ३ मिमी पत्र्याचे. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे. पातळ पत्र्यावर जाड प्लेटची कड वेल्ड केली की काही महिन्यांत त्या कडेनेच पत्रा फाटतो. खाली मोठी पट्टी द्या, कोपरे गोल करा, वेल्ड तुटक द्या. आधी टाके मारा, सगळं परत मोजा, मग पूर्ण वेल्ड.

शाफ्ट. मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग आणि रबर कपलिंगचा आहे, तो कापून जोडू नका. एका टोकाला जिप्सीच्या फ्लँजचा यॉक (शाफ्टच्या टोकाचा दुबेळका), दुसऱ्या टोकाला फियाटच्या फ्लँजचा, असा नवा बनवून बॅलन्स करून घ्या. गिअरबॉक्सची फ्लँज मागे ३ अंश खाली झुकली असेल तर पिनियनची फ्लँज तेवढीच वर हवी. जोर लागला की पाटे पिळले जाऊन पिनियनचं नाक आणखी वर जातं, म्हणून उभ्या गाडीत ते एक अंश कमी ठेवायचं. स्लायडिंग जॉइंट पूर्ण आत ढकलून मग २५ मिमी बाहेर काढा, ते खरं माप. दोन्ही टोकांचे यॉक एका रेषेत. ठराविक वेगाला बॉडी घुमते ती बहुतेक वेळा या कोनांमुळे, आणि लोक नवीन टायर घेतात.

शेवटचं : जिप्सीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, फियाटचा बिडाचा. पुढचा भाग हलका होऊन उचलला जाईल, चाकांचा कॅम्बर (आत-बाहेर कल) बदलेल. अलाइनमेंट इंजिन बसल्यानंतरच.

फ्यूजतार
पेट्रोल आणि वायरिंग.

पद्मिनीचा मेकॅनिकल पंप बारच्या काही दशांश भागाचा दाब देतो. एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतो. जुनी रबर नळी त्या दाबाला गरम एक्झॉस्टच्या शेजारी फुटते आणि गाडी पेटते, हे अतिशयोक्त नाही. टाकीपासून इंजिनपर्यंत स्टीलची नळी, जोडांना इंजेक्शनची नळी आणि पूर्ण गोल क्लिप, स्क्रूची साधी क्लिप नको. परतीची नळी टाकीत तळापर्यंत न्या, वरून पडली तर फेस होतो. टाकीत आडवे पडदे नसतील तर वळणावर पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये लिटर-दीड लिटरची छोटी टाकी. टाकी आतून गंजलेली असेल तर ती आधी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर फुगवतं आणि गंज सोडवतं, तो सगळा इंजेक्टरवर येऊन बसतो.

वायरिंग जिप्सीचं जसंच्या तसं उचला, एकही वायर कापण्याआधी प्रत्येक जोडाला चिठ्ठी बांधा. किल्लीत चिप असलेलं मॉडेल असेल तर किल्ली, इमोबिलायझर आणि ईसीयू एकाच गाडीचे हवेत, नाहीतर सेल फिरेल पण चालू होणार नाही. पंपाला रिले, २.५ चौरस मिमी वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि रिले ईसीयूनेच चालवला पाहिजे. थेट इग्निशनवर जोडलात तर अपघातानंतर इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल ओतत राहील. इंजिन ते बॉडी अर्थिंगला २५ चौरस मिमीची पट्टी. ही राहिली की स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून परत जातो आणि केबल जळते.

घाटमाथा
कूलिंगचं राहिलं. जुना रॅडिएटर कमी दाबाच्या कॅपचा. नवी ०.९ बारची कॅप लावली की त्याचे झाळ सुटतात. नवा कोअर टाका, इलेक्ट्रिक फॅन आणि त्याला पूर्ण झाकणारं शेड द्या. हेडमधलं पाणी रॅडिएटरच्या वरच्या तोंडापेक्षा उंच राहत असेल तर तिथे हवा काढायचा स्क्रू द्या. हवा अडकली तर काटा थंड दाखवतो आणि हेड वाकतं.

निळी_पद्मिनी
सगळं उतरवून घेतलं. कॉम्प्रेशन मोजून बघतो आणि आरटीओला लेखी अर्ज देतो. उत्तर येईपर्यंत किंगपिन, बुश, पुढची डिस्क एवढंच. बोगद्याला हात लावत नाही. उतार_सावकाश, दोन सर्किटचा मास्टर घेताना बोअर कशी ठरवायची?

उतार_सावकाश
उत्तम क्रम. बाजारात साधारण १९ मिमी आणि २२ मिमी बोअरचे मिळतील. २२ चं क्षेत्रफळ १९ च्या १.३४ पट, म्हणजे पेडलचा प्रवास पाऊण होतो, पण तेवढ्याच दाबाला पायाचा जोर तिसऱ्या हिश्श्याने जास्त लागतो. सर्वो नसेल तर १९ घ्या आणि पेडलचं गुणोत्तर सहास एक ठेवा. सर्वो असेल तर २२, चारास एक चालेल.

हवा काढताना मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरू करा, ड्रमची शूज आधी नीट जवळ घ्या, नाहीतर हवा नसतानाही पेडल खोल जाईल. मग रिकाम्या मैदानात ३० च्या वेगाने जाऊन जोरात दाबा, बाहेर कुणाला तरी चाकं बघायला उभं करा. पुढची चाकं आधी अडली पाहिजेत. मागची आधी अडली तर मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून पुन्हा तीच चाचणी, ओल्या जमिनीवरही. ते होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नको.